‘आमच्यासाठी काम कर’ असं पोलीस म्हणाले तर: नागपुरातल्या माणसानं काय करायचं

गेल्या उन्हाळ्यात न्यायमंदिराबाहेरच्या (म्हणजे जिल्हा न्यायालयाबाहेरच्या) चहाटपरीवर एक पोरगा गाठ पडला. पानठेला चालवतो, खर्रा घोटून घोटून उजव्या हाताचा तळवा पिवळा पडलेला. त्यानं मोबाईल पुढे केला. एकाच नंबरवरून आठ दिवसांत एकोणीस कॉल, सगळे व्हॉट्सअ‍ॅपवर, आणि मधूनमधून एकच मेसेज: ‘ये जरा, चहा घेऊ.’ म्हणाला, “वकीलसाहेब, मी तं साफ नाही म्हणलं, पण ते मानूनच नाही राहिले. म्हणते ठेल्यावर कोण कोण येते ते सांगत जा, नाहीतर पुढच्या खेपेला ठेल्यातूनच पुडी निघन.”

पुडी म्हणजे अमली पदार्थाची. या एका वाक्यात सगळं आलं. आमिष नाही, मोबदला नाही, नुसता दम. त्यातही एकोणीस कॉलपैकी एकही साध्या लाइनवर नाही, एकही नोटीस नाही, स्टेशन डायरीत नाव नाही. खबरी होण्याचा दबाव असा कागदाबाहेर जगतो. म्हणून त्यावरचा पहिला आणि सगळ्यात मोठा इलाज म्हणजे त्याला ओढून कागदावर आणणं. खाली सांगितलेली जवळपास प्रत्येक पायरी या ना त्या मार्गानं तेच करते.

खबऱ्यांशिवाय तपास चालत नाही, हे मी नाकारत नाही. स्वखुशीनं माहिती देणाऱ्यांबद्दल मला काही म्हणायचं नाही. हा लेख ज्याला नको आहे त्याच्यासाठी आहे.

आधी विचारा: मला कोण म्हणून बोलावताय?

ठाण्यातून बोलावणं येतं तेव्हा कायद्याच्या नजरेत तुम्ही तीनपैकी कुणीतरी एक असता. साक्षीदार, संशयित किंवा पंच. खबरी हे चौथं पद कायद्यात नाहीच. त्याची नेमणूक नाही, करार नाही, संरक्षण नाही आणि नकार दिला म्हणून शिक्षाही नाही.

१ जुलै २०२४ पासून जुन्या सीआरपीसीच्या (फौजदारी प्रक्रिया संहितेच्या) जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. पुढे नुसती ‘संहिता’ म्हणजे हीच. तिच्या कलम १७९ खाली तपास करणारा अधिकारी साक्षीदाराला बोलावू शकतो, पण लेखी आदेशानं. शिवाय तो साक्षीदार त्याच किंवा लागून असलेल्या ठाण्याच्या हद्दीतला हवा आणि त्याला एखाद्या ठरावीक गुन्ह्याची माहिती असावी. बायका, १५ वर्षांखालची मुलं, ६० वर्षांवरचे पुरुष, अपंग आणि गंभीर आजारी माणसं यांना राहत्या घराबाहेर कुठेही हजर व्हायला भाग पाडता येत नाही. त्यांचा जबाब घ्यायचा तर पोलिसांनी घरी यायचं. आपल्याकडे ‘बाईला घेऊन ठाण्यात ये’ असा निरोप सर्रास येतो, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

संशयित असाल तर कलम ३५(३) ची नोटीस लागते. जुने लोक तिला सीआरपीसीतल्या कलमावरून अजून ‘एक्केचाळीस-ए’ म्हणतात. ही नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून चालत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२५ मध्ये सतेंदर कुमार अंतिल प्रकरणात स्पष्ट केलंय. मात्र ती हातात रीतसर पडली की जावंच लागतं. न गेल्यास त्याच कारणावरून अटक होऊ शकते.

पंचाचं थोडं वेगळं आहे. झडतीसाठी लेखी आदेशानं बोलावलं आणि तुम्ही सबळ कारण नसताना नकार दिला, तर तो गुन्हा धरला जातो. त्यामुळे ‘मी पोलिसांचं काहीच ऐकणार नाही’ हा पवित्रा घेऊ नका. एकदा पंच झालात म्हणून दर छाप्याला तुमचंच नाव लागत असेल, तर तेही एका तऱ्हेचं जुंपणंच आहे. त्याबद्दल वेगळा अर्ज करा.

फोनवर काय बोलायचं

कमी. “साहेब, कोणत्या गुन्ह्याच्या तपासात बोलावलंय? गुन्हा क्रमांक सांगा आणि लेखी नोटीस द्या, मी वकिलांना घेऊन हजर होतो.” एवढंच. आवाज चढवू नका. पोलिसाच्या अंगावर जाणं तर सोडाच, नुसती झटापट झाली तरी पूर्वीचं ‘तीनशे त्रेपन्न’, म्हणजे आता भारतीय न्याय संहितेचं कलम १३२, तुमच्यावर लागू शकतं. मग मूळ तक्रार बाजूला राहते आणि तुम्ही जामिनाच्या मागे धावता.

चहाला, लॉजवर, गाडीत किंवा ‘चौकात भेटू’ म्हणाले तर जाऊ नका. नम्रपणे ठाण्याचं नाव घ्या. ठाण्यात कॅमेरे असतात, चौकातल्या टपरीवर नसतात. वस्तीत तुम्ही पोलिसाच्या गाडीत बसलेले दिसलात तर एक शब्द न बोलताही खबरी ठरता. गडचिरोलीत नुसत्या संशयावरून नक्षलवाद्यांनी गावकऱ्यांना मारल्याच्या बातम्या विदर्भात आपण वर्षानुवर्षं वाचत आलोय. शहरातल्या टोळ्यांचा हिशेबही काही फार वेगळा नसतो.

नकार कसा द्यायचा

‘मला यापुढे कोणाचीही माहिती पुरवायची नाही’ असं म्हणण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. पण दोन गोष्टी वेगळ्या ठेवा.

एक, संहितेच्या कलम ३३ प्रमाणे खून, दरोडा यांसारख्या काही गंभीर गुन्ह्यांची माहिती असेल तर ती पोलिसांना किंवा दंडाधिकाऱ्यांना कळवणं प्रत्येकाचं कर्तव्य आहे. ते नागरिकाचं कर्तव्य, खबऱ्याची नोकरी नव्हे. डोळ्यांदेखत घडलेल्या खुनाबद्दल बोलणं आणि ठेल्यावर येणाऱ्या प्रत्येकाची रोज संध्याकाळी हजेरी कळवणं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

दोन, साक्षीदार म्हणून विचारलं तर खरं सांगावं लागतं, पण ज्या उत्तरानं तुम्ही स्वतः गुन्ह्यात अडकाल ते उत्तर देण्याची सक्ती नाही. राज्यघटनेच्या कलम २०(३) चं हे संरक्षण पोलीस चौकशीतही लागू होतं, असं नंदिनी सत्पथी प्रकरणात १९७८ सालीच ठरलंय. गप्प बसता येतं. खोटं मात्र बोलू नका. सुटका व्हावी म्हणून कुणाचं तरी नाव पुढे केलं की खोटी माहिती दिल्याचा गुन्हा तुमच्यावरच येतो.

तपासात पोलिसांनी लिहून घेतलेल्या साक्षीदाराच्या जबाबावर सही घ्यायची नसते, हे कलम १८१ सांगतं. कोऱ्या कागदावर सही तर कधीच नाही. ‘तुला केसमधून काढतो’ या शब्दालाही भुलू नका. माफीचा साक्षीदार करणं न्यायालयाच्या हातात आहे आणि खटला मागे घ्यायचा तर सरकारी वकिलाला न्यायालयाची परवानगी लागते. ठाणेदाराच्या खिशात यातलं काहीच नसतं. उलट, धमकी, आमिष किंवा वचन देऊन काही वदवून घेऊ नये, असं कलम १८२ त्यांनाच बजावतं.

नोंदवही

एक साधी शंभर पानी वही घ्या. तारीख, वेळ, जागा, कोण बोललं, त्याचे शब्द जसेच्या तसे, सोबत कोण होतं. नावाची पट्टी वाचता आली नाही तर वर्णन आणि गाडीचा नंबर. त्या पोराला मी पहिल्याच दिवशी हेच सांगितलं आणि त्यानं आणली ती उधारीची वही. मागच्या पानांवर खर्र्याचा हिशेब, पुढच्या पानांवर कॉलचा. चालेल म्हटलं. त्या त्या दिवशी, त्या त्या शाईत लिहिलेली वही दोन महिन्यांनी एका बैठकीत आठवून लिहिलेल्या अर्जापेक्षा जास्त बोलते.

व्हॉट्सअ‍ॅप कॉल साध्या कॉलसारखा फोन कंपनीच्या यादीत दिसत नाही, म्हणून कॉल लॉगचे स्क्रीनशॉट रोजच्या रोज काढा आणि घरच्या दुसऱ्या माणसाला पाठवून ठेवा. रेकॉर्डिंग असेल तर मूळ फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. न्यायालयात ते दाखवायला नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं आणि मूळ यंत्र हाताशी असेल तर काम सोपं होतं.

ठाण्यात रेकॉर्डिंग केलं तर गोपनीयतेच्या कायद्यात अडकवू, असा दम देतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानंच २०२२ मध्ये वर्ध्याच्या एका प्रकरणात म्हटलंय की पोलीस ठाणं हे शासकीय गुपिते अधिनियमातलं ‘निषिद्ध ठिकाण’ नाही. याचा अर्थ मोबाईल साहेबांच्या नाकासमोर नाचवावा असा नाही. तो हिसकावला जाईल आणि भांडण पेटेल. पण या एका कारणावरून गुन्हा टिकत नाही, हे माहीत असू द्या.

आता ठाण्यातल्या कॅमेऱ्यांबद्दल. परमवीर सिंग सैनी निकालानं (२ डिसेंबर २०२०) देशातल्या प्रत्येक ठाण्यात सीसीटीव्ही सक्तीचे केले आणि चित्रण १८ महिने, ते जमत नसेल तर निदान एक वर्ष जपायला सांगितलं. कॅमेरा ‘बंद होता’ हे उत्तर नेहमीचंच आहे. म्हणून ठाण्यातून बाहेर पडल्याच्या दुसऱ्याच दिवशी चित्रण जपून ठेवण्याचा अर्ज द्या. माहिती अधिकारातही मागा. एरवी उत्तराला ३० दिवसांची मुदत आहे, पण जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तासांची. अर्जात तसं ठळक लिहा, नाहीतर तो नेहमीच्या गठ्ठ्यात जातो.

अर्ज: एक पान पुरे

लोक सहा-सहा पानं लिहितात, त्यात पोलिसांचे आईबाप काढतात, मंत्र्यांपासून राष्ट्रपतींपर्यंत सगळ्यांना प्रती पाठवतात. कुणी वाचत नाही. हा साचा घ्या:

‘प्रति, मा. पोलीस आयुक्त, नागपूर शहर. विषय: लेखी नोटीस न देता वारंवार बोलावणे व खबरी म्हणून काम करण्यासाठी धमकावणे. मी, (नाव, पत्ता, व्यवसाय), नम्रपणे कळवतो की, दि. … रोजी … वाजता … या क्रमांकावरून मला कॉल आला. बोलणाऱ्याने स्वतःचे नाव … असे सांगितले. “…” असे शब्द वापरले. त्यानंतर दि. … व दि. … रोजीही असेच घडले. माझ्याविरुद्ध कोणताही गुन्हा प्रलंबित नाही (किंवा असल्यास क्रमांक). मला माहितीदार म्हणून काम करायचे नाही. कायदेशीर तपासात सहकार्य करण्यास मी तयार आहे. आवश्यकता असल्यास लेखी नोटीस द्यावी. मला खोट्या गुन्ह्यात गोवले जाण्याची भीती आहे. दि. … चे ठाण्यातील सीसीटीव्ही चित्रण व स्टेशन डायरीतील नोंद जतन करावी, ही विनंती.’

‘सहकार्य करण्यास तयार आहे’ हे वाक्य गाळू नका. उद्या प्रकरण न्यायाधीशांसमोर गेलं तर पहिल्यांदा तेच वाचलं जातं.

अर्ज सिव्हिल लाइन्सच्या आयुक्तालयात आवक शाखेत द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घ्या. एक प्रत तुमच्या झोनच्या उपायुक्तांना. दबाव गुन्हे शाखेच्या पथकाकडून असेल तर त्या शाखेच्या वरिष्ठांना. घ्यायला टाळाटाळ झाली तर सरळ पोस्टात जाऊन स्पीड पोस्ट करा आणि पावती वहीत चिकटवा. कामठी, हिंगणा, काटोल, उमरेडकडे राहत असाल तर आधी आपलं ठाणं शहर आयुक्तालयात येतं की नागपूर ग्रामीणच्या पोलीस अधीक्षकांकडे, ते विचारून घ्या. चुकीच्या कार्यालयात अर्ज टाकून महिनाभर वाट पाहणारे मी बरेच पाहिलेत.

वकील परवडत नसेल तर न्यायमंदिरातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. महिला, अनुसूचित जाती-जमातीची माणसं आणि कोठडीतली माणसं यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत. हेल्पलाइन १५१००.

कोणती धमकी, काय उत्तर

‘पुडी टाकतो’, ‘गुन्ह्यात गोवतो’: अशा वेळी संहितेच्या कलम ४८२ खाली सत्र न्यायालयात किंवा उच्च न्यायालयात अटकपूर्व जामीन मागता येतो. गुन्हा दाखल झालेला नसला तरी चालतो, हे सिब्बिया निकालापासून (१९८०) पक्कं आहे. पण भीती मोघम असून चालत नाही, ठोस हवी. वही आणि आवक शिक्क्याचा अर्ज इथे कामाला येतात. अमली पदार्थांच्या गुन्ह्यात हा जामीन मिळणं अवघड असतं, म्हणून तर ‘पुडी’ची धमकी इतकी चालते. खोटा गुन्हा दाखल झालाच तर कलम ५२८ आणि घटनेच्या कलम २२६ खाली नागपूर खंडपीठात तो रद्द करून मागता येतो. झडती व जप्तीचं दृकश्राव्य चित्रण करणं कलम १०५ नं आता सक्तीचं आहे. ते मागा. चित्रण नसेल तर का नाही, ते विचारा.

‘चॅप्टर करतो’: संहितेच्या कलम १२६ किंवा १२९ ची प्रतिबंधक कारवाई. शहरात ती सहायक पोलीस आयुक्तांपुढे विशेष कार्यकारी दंडाधिकारी म्हणून चालते. बोलावलं की लोक मुकाट्यानं बंधपत्रावर सही करून मोकळे होतात. तसं करू नका. आधी कलम १३० चा कारणांसह लेखी आदेश मागा, वकील उभा करा, चौकशी होऊ द्या.

‘तडीपार करतो’: महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ५५ ते ५७ खाली दोन वर्षांपर्यंत हद्दपार करता येतं. त्याआधी कलम ५९ ची नोटीस आणि म्हणणं मांडायची संधी द्यावीच लागते. आदेश झाला तर ३० दिवसांत शासनाकडे अपील. अशा प्रस्तावात गोपनीय साक्षीदारांचे जबाब जोडलेले असतात. ते कुणाचे हे तुम्हाला कळत नाही, पण आरोप काय आहेत हे कळायलाच हवं. ‘खबरी व्हायला नकार दिला म्हणून हा प्रस्ताव’ हे दाखवायला तुमचा आधीच्या तारखेचा अर्ज लागतो. प्रस्तावानंतर केलेल्या अर्जाकडे सगळे संशयानंच बघतात.

‘एमपीडीए लावतो’: झोपडपट्टीदादांसारख्यांविरुद्धचा १९८१ चा हा कायदा खटल्याशिवाय एक वर्षापर्यंत स्थानबद्ध करू देतो. ज्याच्यावर आधीचे गुन्हे नाहीत त्याच्यासाठी ती बहुतेक पोकळ धमकी असते. गुन्हे असतील तर मात्र हलक्यात घेऊ नका. स्थानबद्धतेची कारणं पाच दिवसांच्या आत द्यावी लागतात, सल्लागार मंडळापुढे प्रकरण जातं आणि खंडपीठात आव्हान देता येतं. अटकपूर्व जामिनाचा इथे उपयोग नाही.

आणि एक धमकी जी धमकी वाटतच नाही: जामिनातली हजेरी. ‘दर रविवारी १० ते १२ ठाण्यात हजर राहावे’ अशी अट असते. सही पाच मिनिटांत होते, पण माणसाला दोन तास बाकावर बसवून ठेवतात आणि त्यातच डीबीवाला (ठाण्याच्या गुन्हे शोध पथकातला पोलीस) शेजारी येऊन खांद्यावर हात टाकतो. खबरी बनवण्याची सगळ्यात मोठी भरती माझ्या मते या बाकावर होते. उपाय साधा आहे. ज्या न्यायालयानं जामीन दिला तिथेच अट शिथिल करण्याचा किंवा हजेरी दुसऱ्या ठाण्यात ठेवण्याचा अर्ज. दोषारोपपत्र दाखल झालं असेल तर हा अर्ज मंजूर होण्याची शक्यता बरी असते. तोवर सही करताना रजिस्टरमध्ये येण्याची आणि जाण्याची वेळ स्वतःच्या हातानं लिहा.

उचलून नेलं तर

हे घरच्यांनी वाचायचं. पहिल्या तासात ११२ वर फोन करून ‘अमुक माणसाला अमुक ठिकाणाहून नेलं’ अशी नोंद करा. मग ठाणं आणि नियंत्रण कक्ष. अटक केलेल्यांची माहिती ठाण्यात आणि जिल्ह्यात ठेवण्यासाठी संहितेच्या कलम ३७ प्रमाणे नेमलेला अधिकारी असतो, त्याचं नाव घेऊनच विचारा. अटक असेल तर अटक पंचनामा, नातलगाला कळवणं, वैद्यकीय तपासणी, चौकशीदरम्यान वकिलाला भेटू देणं आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करणं हे सगळं आलं. यातले डी. के. बसू निकालानं (१९९६) घालून दिलेले नियम आता बहुतांशी संहितेतच आहेत. अटकेची कारणं त्या माणसाला कळणाऱ्या भाषेत लेखी द्यायला हवीत. सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२५ मध्ये ते सगळ्याच गुन्ह्यांसाठी लागू केलं.

‘अटक नाही, फक्त बसवलंय’ हे उत्तर आलं तर समजा की हीच बेकायदा कोठडी. त्या वेळी संहितेच्या कलम १०० खाली दंडाधिकाऱ्यांकडे शोध वॉरंट मागता येतं किंवा खंडपीठात हेबिअस कॉर्पस याचिका, म्हणजे डांबलेल्या माणसाला न्यायालयापुढे हजर करा अशी मागणी. वकिलानं तातडीचा उल्लेख केला की सुट्टीच्या दिवशीही सुनावणी होऊ शकते.

दंडाधिकारी ‘काही तक्रार आहे का?’ विचारतात तेव्हा मारहाण झाली असेल तर तिथेच, मोठ्यानं, शरीरावरची जागा दाखवून सांगा. तिथे गप्प राहिलेला माणूस पुढे काय सांगतो त्याला निम्मी किंमत उरते.

पोलिसावरच कारवाई

माहिती काढण्यासाठी दुखापत करणं हा न्याय संहितेच्या कलम १२० खाली सात वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे. कलमात नुसता कबुलीजबाब नाही, ‘गुन्हा उघडकीस आणणारी माहिती’ असंही आहे, म्हणजे नेमकी आपली गोष्ट. डांबून ठेवल्यास कलम १२७, धमकीसाठी ३५१. आणि फारसं कुणी न वापरणारं कलम १९९: कायद्यानं मनाई असताना एखाद्याला हजर राहायला लावणाऱ्या लोकसेवकाला किमान सहा महिने, कमाल दोन वर्षं सक्तमजुरी.

ठाण्यानं गुन्हा नोंदवला नाही तर उपायुक्तांकडे किंवा अधीक्षकांकडे लेखी तक्रार, मग प्रतिज्ञापत्रासह दंडाधिकाऱ्यांकडे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) व १७५ चा अर्ज. लोकसेवक कामाच्या ओघात वागला असं असेल तर दंडाधिकारी आधी त्याच्या वरिष्ठांचा अहवाल आणि त्याचं म्हणणं मागवतात. वेळ लागतो.

वेळेवरून महत्त्वाचं. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम १६१ सांगतं की कर्तव्याच्या आवरणाखाली केलेल्या कृत्याबद्दल सहा महिन्यांनंतर पोलिसावर सहसा खटला भरता येत नाही. वाद घालायला जागा आहे, सगळीच कृत्यं त्यात बसत नाहीत. पण वाद घालण्यापेक्षा सहा महिन्यांच्या आत न्यायालयात पोचलेलं बरं. ‘बघू, साहेबांची बदली होईल’ म्हणत थांबलेल्यांची दारं इथेच बंद होतात.

याशिवाय राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आहे, मुंबईत. प्रकाश सिंग निकालातून (२००६) आलेलं, बेकायदा अटक आणि अधिकाराच्या दुरुपयोगाच्या तक्रारी ऐकणारं. राज्य मानवी हक्क आयोगाकडे एक वर्षाच्या आत जावं लागतं. दोन्हीकडे टपालानं तक्रार करता येते. पण उद्या सकाळचा कॉल थांबवायचं काम यांच्याकडून होत नाही. त्यासाठी खंडपीठात रिट याचिका, ‘लेखी नोटीस दिल्याशिवाय बोलावू नये’ एवढीच नेमकी मागणी घेऊन.

आधीच माहिती दिली असेल तर

थांबता येतं. एकदा दिली म्हणून कायम द्यावी लागत नाही. माहिती कुठून मिळाली हे सांगण्याची सक्ती साक्ष्य अधिनियमाचं कलम १३१ पोलिसांवर करू देत नाही, ती तुमच्यासाठीही एक ढाल आहे. पण फुटलेलं नाव ती परत आणत नाही. साक्षीदार म्हणून नाव लागलं असेल आणि टोळीकडून धोका असेल, तर महाराष्ट्राचा २०१७ चा साक्षीदार संरक्षण कायदा आणि महेंद्र चावला निकालानं (२०१८) मान्य केलेली योजना यांखाली संरक्षणाचा अर्ज करा. नकाराचा अर्ज देताना आजवर कुणाकुणाची नावं सांगितली ते त्यात लिहू नका. आवक शाखेतून कागद किती टेबलांवरून जातो ते तुमच्या हातात नसतं. ती यादी फक्त वकिलाला सांगा.

त्या पानठेलेवाल्याच्या अर्जावर आवक क्रमांक पडल्यावर आठवडाभरात कॉल बंद झाले. कुणावर कारवाई झाली नाही, उत्तरही आलं नाही. महिन्याभरानं दुसऱ्याच नंबरवरून फोन आला, “काय रे, ठेला किती वाजता बंद करतो?” यानं उधारीची वही पुढे ओढली, पेन काढला आणि म्हणाला, “साहेब, नाव काय लिहू?” पलीकडून फोन ठेवला गेला. तीही वेळ त्यानं लिहून ठेवलीय: रात्री ९.४०.